जीआरईचे अवघड शब्द आणि आमची बियाण्यांची लॅब

कृषी पदवीनंतर मी जालन्यात एका बियाणे कंपनीच्या लॅबमध्ये काम करते. दहावीपर्यंतचं शिक्षण मराठी माध्यमातून, बारावीनंतर राहुरीला. बीजविज्ञानात परदेशी एमएस करावं हे बरेच दिवस मनात होतं, पण त्याच्या प्रवेशासाठी अमेरिकेतले बरेच विभाग जी परीक्षा मागतात त्या जीआरईचं नाव निघालं की पाय मागे यायचा. गणिताची भीती नव्हती. भीती होती ती इंग्रजी शब्दांची. ज्यांनी परीक्षा दिली होती ते सगळे एकच सांगायचे, 'शब्द पाठ करावे लागतात, हजारो.' माझी परीक्षा 30 नोव्हेंबर 2024 ला झाली. तयारी करताना मला हवी असलेली माहिती दहा ठिकाणांहून गोळा करावी लागली, म्हणून घडलं तसं सगळं इथे लिहिते आहे.

जानेवारी 2024 मध्ये पहिलं काम केलं ते म्हणजे ज्या विभागांत अर्ज करायचा त्यांची पानं नीट वाचली. 2020 नंतर अमेरिकेतल्या अनेक विभागांनी जीआरई ऐच्छिक केली आहे किंवा काढूनच टाकली आहे. एकाच विद्यापीठात एक विभाग ती मागतो, शेजारचा मागत नाही. माझ्या यादीतल्या काही विभागांना स्कोअर हवाच होता. तुमच्या यादीत एकालाही नको असेल, तर हा खर्च आणि हा शीण दोन्ही वाचतील.

त्यानंतर पासपोर्ट. भारतात जीआरईच्या केंद्रावर ओळखपत्र म्हणून मूळ पासपोर्टच लागतो. आधार चालत नाही, झेरॉक्स चालत नाही, पासपोर्टची मुदत संपलेली असेल तरी चालत नाही. माझ्याकडे पासपोर्ट नव्हता. साध्या पद्धतीने 36 पानी पासपोर्टची फी 1500 रुपये. ऑनलाइन अर्ज भरून संभाजीनगरच्या केंद्राची तारीख घेतली, आणि काउंटरवरचं काम तासाभरात उरकलं. वेळ खाल्ला तो पोलीस पडताळणीने. मी भाड्याच्या खोलीत राहते आणि कायमचा पत्ता गावचा, त्यामुळे भाडेकराराची प्रत, घरमालकांची ओळख, शेजारच्या दोघांची नावं, असं सगळं हाताशी ठेवावं लागलं. हवालदार काका घरी आले तेव्हा मी लॅबमध्ये होते. घरमालकीण काकूंनी फोन लावून दिला आणि दुसऱ्या दिवशी मी ठाण्यात जाऊन सही केली. पासपोर्ट हातात यायला मार्च उजाडला.

इथे आपल्या नावाचा एक मुद्दा सांगायलाच हवा. आपण स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव असं लिहितो. पासपोर्टात मात्र दोनच रकाने असतात, आडनाव आणि दिलेलं नाव. मधलं नाव दिलेल्या नावाच्या रकान्यात जातं. जीआरईचं खातं उघडताना पासपोर्ट समोर ठेवून अक्षर न् अक्षर तसंच भरा. दहावीच्या सनदेवर काय आहे, आधारवर काय आहे, याला तिथे काही किंमत नाही. दोन्हीकडची नावं जुळली नाहीत तर केंद्रावरून परत पाठवतात, आणि फी परत मिळत नाही.

मे-जून म्हणजे आमच्याकडे खरिपाची धांदल. रात्री नऊपर्यंत उगवणीच्या चाचण्या चालतात, अभ्यासाचं नाव काढायलाही सवड नसते. म्हणून खरी सुरुवात जुलैत झाली. ही परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर पॉवरप्रेप नावाच्या दोन पूर्ण सराव परीक्षा मोफत असतात. त्यातली एक मी अभ्यासाआधीच देऊन टाकली. व्हर्बलला, म्हणजे इंग्रजीच्या विभागाला, 147 आले. या विभागाचे गुण 130 पासून 170 पर्यंत असतात, म्हणजे अर्ध्याच्याही खाली. वाईट वाटलं, पण कुठे अडतंय ते दिसलं. उताऱ्यांचा अर्थ लागत होता. गाळलेल्या जागा भरताना मात्र पाच पर्यायांपैकी तीन शब्द मी कधी ऐकलेलेच नसायचे.

मावसबहिणीने पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून दोन जुनी पुस्तकं घेऊन पाठवली, दोन्ही मिळून चारशे रुपयांत. त्यातल्या एकात साडेतीन हजार शब्दांची यादी होती. महिनाभर मी ती रोज घोकली. ए अक्षराचे शब्द तोंडपाठ झाले, बी सुरू केलं की ए विसरायला लागले. मग कळलं की ती यादी जुन्या परीक्षेसाठी केलेली होती. पूर्वी विरुद्धार्थी शब्दांचे आणि शब्दजोड्यांचे थेट प्रश्न यायचे, तेव्हा नुसता अर्थ पाठ असला तरी भागायचं. ऑगस्ट 2011 पासून ते प्रश्न बंद झाले. आता शब्द वाक्यातच विचारतात. एका वाक्यात एक, दोन किंवा तीन जागा रिकाम्या असतात आणि सगळ्या बरोबर भरल्या तरच गुण मिळतो. दुसऱ्या प्रकारात एकच रिकामी जागा आणि सहा पर्याय असतात. त्यातले दोन असे निवडायचे की दोन्ही वाक्यांचा अर्थ एकच निघेल. त्या सहांत मुद्दाम अशी एक समानार्थी जोडी पेरलेली असते जी वाक्यात बसतच नाही. यादी पाठ असलेला माणूस नेमकी तीच उचलतो.

ऑगस्टच्या शेवटी मी यादी बाजूला ठेवली आणि कार्डं सुरू केली. जालन्यातल्या एका छापखान्यात जाड कार्डशीट पत्त्यांच्या आकारात कापून घेतली, साठ रुपयांत ढीगभर झाली. जर्मन लेखक सेबास्टियन लाइटनर यांनी 1970 च्या दशकात सांगितलेली पद्धत वापरली. मिठाईच्या रिकाम्या खोक्यात पुठ्ठे लावून पाच कप्पे केले. नवीन कार्ड पहिल्या कप्प्यात, तो रोज बघायचा. आठवलं की कार्ड पुढच्या कप्प्यात सरकतं, तो एक दिवसाआड. त्यापुढचा आठवड्याने, असं करत शेवटचा महिन्याने. आठवलं नाही की कार्ड कितव्याही कप्प्यात असो, परत पहिल्यात. हेच काम अँकी हे ॲप आपोआप करतं, संगणकावर आणि अँड्रॉइडवर मोफत आहे. मी कागदच पसंत केला, कारण लॅबमध्ये फोन आत नेता येत नाही आणि ॲप्रनच्या खिशात दहा कार्डं सहज राहतात.

कार्डाच्या मागे मी चार गोष्टी लिहायचे. देवनागरीत उच्चार, मराठी अर्थ, शब्द स्तुतीचा की निंदेचा हे दाखवणारी अधिक-उण्याची खूण, आणि शब्द जिथे वाचला तिथलं वाक्य. उच्चार देवनागरीत लिहिण्याचा फार फायदा झाला. 'एपिटमी', 'हायपर्बली', 'इन्डाइट' हे शब्द मी वर्षानुवर्षं स्पेलिंगप्रमाणेच मनात वाचत आले होते. कान आणि डोळा जुळले की शब्द लवकर पक्का होतो.

अधिक-उण्याची खूण तर सगळ्यात महत्त्वाची. काटकसरी आणि कंजूष यांतला फरक आपल्याला कोणी शिकवावा लागत नाही. इंग्रजीत तसाच फरक फ्रूगल आणि पार्सिमोनिअस यांत आहे. पहिला कौतुकाचा, दुसरा नाक मुरडणारा. पण आमच्या विज्ञानात पार्सिमनी हा गुण मानतात. वनस्पतींची वंशावळ मांडताना कमीत कमी बदल गृहीत धरणारं झाड निवडतात, त्या तत्त्वाचं नावच ते आहे. म्हणून त्या कार्डावर मी दोन वाक्यं आणि दोन खुणा केल्या.

या कार्डावरूनच पुढचा रस्ता सापडला. पार्सिमनी मला आधीपासून माहीत होता, फक्त तो परीक्षेचाही शब्द आहे हे कधी लक्षात आलं नव्हतं. मग मी लॅबमध्ये रोज कानावर पडणारे शब्द नव्याने पाहायला लागले. बियाण्यांचे आम्ही दोन गट करतो. गहू, ज्वारी, हरभरा यांचं बी वाळवून थंडीत ठेवलं तर वर्षानुवर्षं टिकतं, त्याला ऑर्थोडॉक्स म्हणतात. आंब्याची कोय, फणसाची आठळी वाळवली की मरते. तिला म्हणतात रिकॅल्सिट्रंट. ही जोडी मी दुसऱ्या वर्षाच्या पेपरात लिहून आले होते. जीआरईत रिकॅल्सिट्रंट म्हणजे हटवादी, कोणालाही न जुमानणारा. आठळीला शिस्त लावायला गेलं की ती जीव सोडते, पण ऐकत नाही. हा शब्द मला पुन्हा कधी कार्डावर बघावा लागला नाही.

त्या आठवड्यात वहीची चार पानं भरली. अंधारात उगवलेलं रोप पिवळं, लांबट, लुळं पडतं, त्याला आम्ही इटिओलेटेड म्हणतो. साहित्यात तोच शब्द निस्तेज, जीव नसलेल्या लिखाणाला लावतात. डेसिकेटर ही काचेची बरणी मी रोज उघडते, तर डेसिकेटेड म्हणजे वाळलेला आणि पुढे रूक्ष, भावनाशून्य. डिसेमिनेट म्हणजे प्रसार करणे, त्यात लॅटिनमधलं बी आहे. सेमिनल म्हणजे पुढच्या अनेक कामांना जन्म देणारं मूळ काम, त्यातही बीच. विनो म्हणजे उपणणे, वारं देऊन दाणा आणि भूस वेगळं करणे. परीक्षेत तो शब्द अर्जदारांतून मोजके निवडण्यासाठी येतो. हॅरो म्हणजे आपला कुळव, आणि हॅरोइंग म्हणजे ऐकणाऱ्याच्या काळजावरून कुळव फिरावा असा अनुभव. ग्रिगेरिअस म्हणजे चार माणसांत रमणारा, एग्रीजस म्हणजे उघडउघड वाईट. दोन्हींत लॅटिनचा कळप आहे, एक कळपात राहणारा, दुसरा कळपाबाहेर पडून डोळ्यांवर येणारा. मातीच्या कणसमूहाला आम्ही ॲग्रिगेट म्हणतो, तोही त्याच कळपातला.

आणि डिलिरिअम. तापात बरळणे एवढंच मला माहीत होतं. लॅटिनमध्ये लिरा म्हणजे नांगराचं तास, आणि डिलिरिअम म्हणजे तास सोडून भरकटणे. रविवारी बाबांना फोनवर हे सांगितलं. ते म्हणाले, "अगं, बैल तास सोडायला लागला की आम्हीही म्हणतोच ना, डोकं फिरलं याचं म्हणून." त्यांना इंग्रजी येत नाही. त्या दिवसापासून दर रविवारी ते विचारायचे, आज शेतातला कोणता शब्द सापडला.

शब्दांची कुळं शोधायला मेरियम-वेबस्टरचा ऑनलाइन कोश पुरला. मोफत आहे, उच्चार ऐकता येतो आणि खाली व्युत्पत्ती असते. उलट दिशेने जायला मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश वापरला. त्याची 1857 ची दुसरी आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आहे. शेतीतल्या अवजारांना, कामांना नेमके इंग्रजी शब्द तिथे मिळतात. संस्कृतशी नातं असलेले शब्दही टिपले. अमरमधला मृ इम्मॉर्टल आणि मॉरिबंड म्हणजे मरणपंथाला लागलेला यांत आहे. अज्ञेयमधला ज्ञ ॲग्नॉस्टिक आणि कॉग्निझंटमध्ये आहे. इथे एक सावधगिरी बाळगा, कारण नुसत्या आवाजाच्या साम्यावर नातं ठरत नाही. बदनाममधला फारसी बद आणि इंग्रजी बॅड सारखे वाटतात, अर्थही जुळतो, पण त्यांचं मूळ वेगळं आहे. कोश उघडल्याशिवाय नातं जोडू नका.

ऑक्टोबरात आणखी एक गोष्ट ध्यानात आली, आणि माझ्या मते या परीक्षेत ती दुर्मिळ शब्दांइतकीच जड आहे. ओळखीचे शब्द अनोळखी अर्थाने येतात. क्वालिफाइड सपोर्ट म्हणजे सशर्त पाठिंबा. टेम्पर म्हणजे सौम्य करणे. चेक म्हणजे रोखणे. फ्लॅग म्हणजे उत्साह मावळणे. वाँट म्हणजे अभाव. पेडेस्ट्रियन म्हणजे रटाळ, सामान्य दर्जाचा. सँक्शनचा अर्थ मंजुरी, आणि तोच शब्द निर्बंधांनाही. डिसइंटरेस्टेड म्हणजे रस नसलेला नव्हे, निःपक्षपाती. दिसायला फसवणारेही असतात. एनर्व्हेट म्हणजे शक्ती देणे वाटतं, आहे उलट, निस्त्राण करणे. नॉइसमचा आवाजाशी संबंध नाही, त्याचा अर्थ घाणेरड्या वासाचा. यांच्यासाठी मी लाल पेनाने वेगळी कार्डं केली. शब्द माहीत आहे असं वाटलं की आपण वाक्य नीट वाचतच नाही, म्हणून लाल.

वाचन रोज एक लेख, इतकंच. सायंटिफिक अमेरिकनमधला एखादा, कधी इतिहासाचा, कधी चित्रकलेवरचा, कारण परीक्षेतले उतारे सगळीकडचे असतात. वाचताना शब्द अडला तर लगेच कोश उघडायचा नाही, आधी पेन्सिलने अंदाज लिहायचा. 'पण', 'असे असूनही', 'किंबहुना' या जागी येणारे इंग्रजी जोडशब्द शोधायचे. वाक्य कुठे वळतं ते कळलं, की रिकाम्या जागी स्तुती हवी की निंदा हे पर्याय न बघताही सांगता येतं. मी पर्याय हाताने झाकून आधी मराठीत शब्द ठरवायचे, मग त्याच्या जवळचा इंग्रजी निवडायचे. मराठी माध्यमाच्या मुलांनी हे जरूर करून बघावं. विचार आपल्या भाषेत केला तर वेग कमी होतो असं मला सांगितलं गेलं होतं, माझा तसा अनुभव नाही.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला तारीख घेतली. फी तेव्हा साडेबावीस हजारांच्या आसपास होती, माझ्या महिन्याच्या पगाराचा मोठा हिस्सा. पैसे भरायच्या आधी कार्ड आंतरराष्ट्रीय व्यवहारासाठी सुरू आहे का, हे बँकेत विचारून ठेवा. परीक्षा घरूनही देता येते, पण त्यासाठी खोलीत दुसरं कोणी नको, इंटरनेट आणि वीज अखंड हवी. आमच्याकडे विजेचा भरवसा नाही, म्हणून पुण्याचं केंद्र घेतलं. दिवाळीनंतर गर्दी कमी असेल या अंदाजाने शनिवार निवडला. निकालाला आठ ते दहा दिवस लागतात हे धरून अर्जाच्या मुदतीपासून मागे मोजत जा. मनासारखे गुण आले नाहीत तर 21 दिवसांनी पुन्हा देता येते, तेवढी जागा मागे राहिली तर बरं.

20 नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान होतं, लॅबला सुट्टी. सकाळी मतदान करून आले आणि दुसरी मोफत सराव परीक्षा पूर्ण वेळ लावून दिली. व्हर्बलला 154. शेवटच्या आठवड्यात नवीन शब्द पूर्ण बंद केले, फक्त लाल कार्डं आणि पहिला कप्पा.

परीक्षेच्या आदल्या दिवशी एसटीने पुण्याला मावशीकडे गेले. केंद्रावर अर्धा तास आधी पोचायचं असतं. पासपोर्टवरचं नाव तपासलं, फोटो काढला, एक मजकूर स्वतःच्या हाताने लिहून सही करायला लावली. खिसे उलटे करून दाखवावे लागतात, चष्मा काढून हातात घेऊन बघतात, बाह्या वर करायला सांगतात. घड्याळ, रुमाल, पाण्याची बाटली सगळं लॉकरमध्ये. कच्च्या कामाला कागद आणि पेन्सिल ते देतात, कागद संपले तर हात वर करून आणखी मागता येतात. कानावर लावायला आवाज अडवणारे हेडफोन होते, ते मी लगेच लावले, कारण शेजारचा मुलगा जोरजोरात टाइप करत होता.

सप्टेंबर 2023 पासून परीक्षा 1 तास 58 मिनिटांची झाली आहे आणि मध्ये सुट्टी मिळत नाही, त्यामुळे आत जाण्याआधी स्वच्छतागृहाला जाऊन या. आधी निबंध, 30 मिनिटं. मग व्हर्बल आणि गणिताचे दोन-दोन भाग. व्हर्बलच्या पहिल्या भागात 18 मिनिटांत 12 प्रश्न, दुसऱ्यात 23 मिनिटांत 15. पहिल्या भागात कसं केलं यावर दुसऱ्याची काठिण्यपातळी ठरते. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही. अडलेल्या प्रश्नाला खूण करून पुढे जाता येतं. मी तीन जागांचे प्रश्न शेवटी ठेवले, कारण त्यांना वेळ जास्त लागतो आणि गुण तेवढाच मिळतो.

शेवटी पडद्यावर विचारतात, गुण नोंदवायचे की रद्द करायचे. नोंदवा म्हटल्यावर व्हर्बल आणि गणिताचे अनधिकृत गुण लगेच दिसतात. व्हर्बल 156. माझ्या विभागांसाठी ते पुरेसे होते. तिथेच चार विद्यापीठांची नावं निवडून स्कोअर मोफत पाठवता येतो, त्यामुळे नावं घरूनच ठरवून जा. पाचव्या ठिकाणी नंतर वेगळी फी भरून पाठवला. अधिकृत निकाल निबंधाच्या गुणांसह डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात खात्यात आला. तो पाच वर्षं ग्राह्य असतो.

खोलीतली मैत्रीण नर्स आहे, तिने आता तयारी सुरू केली आहे. परवा तिने माझी वही मागितली. मी दिली, पण तिच्यासाठी वेगळी वहीही घातली, कारण तिच्या वॉर्डात माझ्यापेक्षा जास्त शब्द आहेत. गाठ साधी असेल तर बिनाइन, तोच शब्द प्रेमळ माणसाला. रोग तीव्र आणि घातक असला की व्हिरुलंट, तोच विखारी टीकेला. दुःख कमी करणारा पण मूळ दुखणं न बरा करणारा उपाय पॅलिएटिव्ह. तळपायाच्या घट्ट्याला कॅलस, आणि स्पेलिंगमधल्या एका अक्षराच्या फरकाने, उच्चार तोच ठेवून, कॅलस म्हणजे काळीज घट्ट झालेला, निर्दय. काविळीवरून जाँडिस्ड म्हणजे कलुषित नजरेचा. पहिल्याच संध्याकाळी तिने स्वतःहून आणखी सात सांगितले, ड्यूटीवर जाता जाता.